फोनमधल्या फायली वायरशिवाय संगणकावर नेताना: घरच्या वायफायची सविस्तर पद्धत

माझ्या आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मी तीन उन्हाळ्यांत मिळून फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण ६३ मुद्रणे होती. फोनची जागा भरत आली, म्हणून एका रात्री तो सगळा फोल्डर मी वायफायवरून लॅपटॉपवर पाठवायला लावला आणि फोन उशाशी ठेवून झोपलो. सकाळी लॅपटॉपवर फोल्डर दिसला, पहिल्या दोन-तीन ओव्या वाजवून पाहिल्या, त्या नीट वाजल्या, आणि काम झाले असे धरून मी फोनमधला मूळ फोल्डर पुसून टाकला. दोन महिन्यांनी मोजले तेव्हा लॅपटॉपवर ५४ मुद्रणे होती आणि त्यांतले शेवटचे अर्ध्यावरच थांबत होते. रात्री पडदा बंद झाल्यावर फोनने बॅटरी वाचवण्यासाठी ते ॲप झोपवले होते, एवढेच कारण. आत्या आता नाही, त्यामुळे गेलेल्या ओव्या परत मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्या दिवसापासून मी हे काम ठरावीक क्रमाने करतो, आणि तोच क्रम येथे सविस्तर मांडतो. फाइल पाठवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. ती कोणत्या वाटेने जावी हे आधी ठरवणे आणि ती पूर्ण पोहोचली याची खात्री करणे, हे दोन भाग कष्टाचे आहेत आणि बहुतेक नुकसान तेथेच होते. मुख्य उदाहरण म्हणून मी अँड्रॉइड फोन, विंडोजचा लॅपटॉप आणि घरातला एक साधा राउटर धरला आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत हीच मांडणी असते. आयफोन आणि मॅक यांच्याविषयी जे वेगळे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

फाइल नेमकी कोणत्या वाटेने जाते

वायरशिवाय फाइल पाठवण्याच्या वाटा तीन आहेत. पहिल्या वाटेने दोन उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात. ब्लूटूथ या प्रकारात येते. दुसऱ्या वाटेने फाइल फोनकडून घरच्या राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे जाते, म्हणजे ती घराच्या भिंतीबाहेर पडतच नाही. तिसऱ्या वाटेने ती इंटरनेटवरून दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर चढते आणि तेथून पुन्हा खाली उतरते; व्हॉट्सॲप, ईमेल आणि गुगल ड्राइव्ह यांची वाट ही आहे.

दुसऱ्या वाटेविषयी एक गैरसमज मी अनेक घरांत पाहिला आहे. वायफाय वापरले म्हणजे इंटरनेटचा डेटा खर्च होणारच, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात राउटर हा घरातला टपालवाला आहे. एका खोलीतले पत्र दुसऱ्या खोलीत द्यायला त्याला गावाबाहेर जावे लागत नाही. ब्रॉडबँडची जोडणी बंद पडली असली तरी राउटर चालू असेपर्यंत फोनमधली फाइल लॅपटॉपवर जाऊ शकते आणि डेटा एक कणही खर्च होत नाही.

वेगाचा हिशेब एकदा मांडला की निवड सोपी होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: इंटरनेट कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो, आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून १० गिगाबाइट ऐवज आहे असे समजा. फायली पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला पाव मेगाबाइटच्या आसपास राहतो, म्हणून हा ऐवज जायला साधारण ११ तास लागतील. इंटरनेटवर चढवण्याचा वेग २० मेगाबिट असेल तर तो सेकंदाला अडीच मेगाबाइट होतो. म्हणजे चढवायलाच एक तास आणि वर सात मिनिटे जातात, आणि नंतर उतरवण्याचा वेळ वेगळा. घरच्या वायफायवर सेकंदाला २० मेगाबाइट इतका वेग मिळाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तो सहज मिळतो, तर तेच काम साडेआठ मिनिटांच्या आत होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. एक-दोन लहान कागदपत्रे असतील तर कोणतीही वाट चालेल, पण फोटोंचा, व्हिडिओंचा किंवा मुद्रणांचा मोठा साठा हलवायचा असेल तर तो घरच्या वायफायवरूनच हलवावा.

पाठवण्याआधीची तयारी

सर्वप्रथम फोन आणि लॅपटॉप एकाच राउटरला जोडलेले आहेत हे पाहावे. अनेक राउटर दोन नावे दाखवतात, एक साधे आणि दुसरे शेवटी ‘५जी’ असलेले. या ‘५जी’चा मोबाइलच्या ५जी सेवेशी काहीही संबंध नाही; तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडून लांब पोहोचतो पण संथ असतो, तर ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण दोन भिंतींपलीकडे दमतो. म्हणून मोठे काम असेल तेव्हा दोन्ही उपकरणे राउटर असलेल्या खोलीत आणावीत आणि ‘५जी’ नावाला जोडावीत. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडता आला तर आणखी चांगले, कारण मग हवेतली सगळी जागा एकट्या फोनला मिळते. पाहुण्यांसाठी ठेवलेले वेगळे वायफाय मात्र टाळावे. त्यावरची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

दुसरी गोष्ट विंडोजमधली आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. नव्या वायफायला जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ समजते आणि लॅपटॉपला इतरांपासून लपवते. रेल्वे स्थानकावर किंवा उपाहारगृहात ते योग्यच आहे, पण घरी त्यामुळे फोनला लॅपटॉप सापडत नाही. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वायफाय’ आणि त्यात आपल्या जोडणीचे ‘प्रॉपर्टीज’ असे आत गेल्यावर ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय दिसतात. घरच्या वायफायसाठी ‘प्रायव्हेट’ निवडावे. बाहेरच्या कोणत्याही वायफायवर मात्र हा बदल करू नये.

त्यानंतर फोनकडे वळावे. फोन चार्जिंगला लावावा, बॅटरी सेव्हर बंद करावा आणि पडदा आपोआप बंद होण्याची वेळ १० मिनिटे किंवा त्याहून जास्त करावी. ज्या ॲपने फायली पाठवायच्या आहेत त्याच्या बॅटरीविषयक सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा पर्याय निवडता येतो, तो निवडावा. माझ्या ओव्या या एका सेटिंगपायी गेल्या, म्हणून ही पायरी मी कधीही सोडत नाही. फोनवर किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची ये-जा दुसऱ्या वाटेने वळवणारे सॉफ्टवेअर, चालू असेल तर तेही तेवढ्यापुरते बंद करावे.

लॅपटॉपवर पुरेशी जागा आहे का ते पाहावे. फायली पुढे पेन ड्राइव्हवर ठेवायच्या असतील तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही याची खात्री करावी, कारण त्या पद्धतीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. लांब व्हिडिओ तेथे अडकतो आणि दोष मात्र वायफायला दिला जातो.

शेवटी मोजणी करावी. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर निवडून त्याचे तपशील उघडले की आत किती फायली आहेत हे दिसते. तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. कॅमेऱ्याने काढलेले फोटो ‘डीसीआयएम’ या फोल्डरातल्या ‘कॅमेरा’मध्ये असतात. आवाजाची मुद्रणे नव्या फोनमध्ये बहुधा ‘रेकॉर्डिंग्ज’मध्ये सापडतात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो हवे असतील तर ‘अँड्रॉइड’ या फोल्डरात जाऊन ‘मीडिया’ उघडावे, तेथे व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर मिळतो.

लोकलसेंड: रोजच्या कामासाठी माझी पहिली निवड

लोकलसेंड हे मोफत ॲप आहे, त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला आहे, आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सर्वांवर चालते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. फायली घरच्या वायफायवरून सांकेतिक रूपात जातात. घरात एकाकडे आयफोन, दुसऱ्याकडे अँड्रॉइड आणि मुलांच्या अभ्यासासाठी एक जुना लॅपटॉप अशी सरमिसळ असेल, तर सर्वांना सामावून घेणारे याच्याइतके सोपे साधन मला दुसरे मिळालेले नाही.

फोनवर ते प्ले स्टोअरवरून आणि लॅपटॉपवर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. लॅपटॉपवर ते पहिल्यांदा उघडले की विंडोजचे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, परवानगी विचारते. त्या चौकटीत ‘प्रायव्हेट नेटवर्क्स’समोर खूण असावी आणि मगच परवानगी द्यावी. घाईत येथे ‘कॅन्सल’ दाबले तर पुढे दोन्ही उपकरणे एकमेकांना शोधत बसतात आणि कारण लक्षात येत नाही.

आता दोन्हींकडे ॲप उघडे ठेवावे. प्रत्येक उपकरणाला ॲप स्वतःहून एक विशेषण आणि एक फळ यांच्या जोडीचे इंग्रजी नाव देते. घरात चार उपकरणे असली की कोणते केळे आणि कोणते संत्रे हे कळेनासे होते, म्हणून ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ती नावे बदलावीत. मी ‘बैठकीचा लॅपटॉप’ आणि ‘आईचा फोन’ अशी मराठी नावे दिली आहेत आणि ती व्यवस्थित चालतात.

लॅपटॉपवर ‘सेटिंग्ज’मध्येच फायली कोठे साठवायच्या ते ठरवता येते. आधी एक रिकामा नवा फोल्डर करून तो तेथे निवडावा. सगळे ‘डाउनलोड्स’मध्ये येऊ दिले तर जुन्या फायलींत नव्या मिसळतात आणि नंतर मोजणी करता येत नाही.

मग फोनवर ‘सेंड’ हा भाग उघडावा, ‘फोल्डर’ किंवा ‘मीडिया’ निवडून हव्या त्या फायली घ्याव्यात, आणि खाली दिसणाऱ्या लॅपटॉपच्या नावावर बोट ठेवावे. लॅपटॉपवर कोण पाठवत आहे आणि किती फायली आहेत हे दिसते. तेथे दिसणारा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहून मगच ‘ॲक्सेप्ट’ दाबावे. काम चालू असताना फोनवर ते ॲप समोरच ठेवावे. मधेच दुसरे ॲप उघडले की काही फोन मागच्या कामाला आवर घालतात.

मोठा साठा एकाच वेळी पाठवू नये असा माझा आग्रह आहे. हजार फोटो एकदम लावले आणि सातशेव्या फोटोला वीज गेली, तर नेमके कोठून पुढे सुरू करायचे ते शोधण्यात संध्याकाळ जाते. दोनशे-दोनशेचे गठ्ठे केले तर फार तर एक गठ्ठा पुन्हा पाठवावा लागतो. राउटरला इन्व्हर्टरचा आधार नसलेल्या घरांत ही सवय विशेष उपयोगी पडते.

क्विक शेअर

अँड्रॉइड फोनमध्ये जवळच्या उपकरणाला फायली पाठवण्याची क्विक शेअर ही सोय आधीपासूनच असते. गुगलने ते २०२० मध्ये ‘निअरबाय शेअर’ या नावाने आणले आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या ‘क्विक शेअर’ नावाच्या सोयीशी ते एकत्र करण्याची घोषणा केली. विंडोजसाठी गुगलचे वेगळे सॉफ्टवेअर आहे, ते अँड्रॉइडच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे लागते. लॅपटॉपला ब्लूटूथ असणे गरजेचे आहे, कारण उपकरणे एकमेकांना ब्लूटूथवर शोधतात आणि फाइल मात्र वेगवान वायफायवरून पाठवतात.

ते सुरू केल्यावर आपल्याला कोण फायली पाठवू शकेल हे ठरवण्याची सोय दिसते. दोन्हींकडे एकच गुगल खाते असेल तर ‘युअर डिव्हायसेस’ निवडावे. मग स्वतःच्या फोनवरून आलेल्या फायलींना दर वेळी मंजुरी द्यावी लागत नाही. ‘एव्हरीवन’ हा पर्याय दुसऱ्याकडून काही घेण्यापुरता चालू करून लगेच बंद करावा. एरवी फोटो निवडणे, ‘शेअर’ दाबणे, ‘क्विक शेअर’ घेणे आणि लॅपटॉपचे नाव निवडणे इतकेच काम आहे. पाच-पन्नास फोटोंसाठी ही सोय उत्तम आहे. फोल्डरांची रचना जशीच्या तशी हवी असेल तेव्हा मी पुढे सांगितलेली पद्धत वापरतो.

आयफोन आणि मॅक

दोन्ही उपकरणे ॲपलची असतील तर त्यांच्यात आधीपासून असलेली एअरड्रॉप ही फायली पाठवण्याची सोय पुरेशी आहे. मॅकवर ‘फाइंडर’मध्ये ‘एअरड्रॉप’ उघडावे, आयफोनवर फोटो निवडून ‘शेअर’मधून मॅकचे नाव घ्यावे, आणि फायली ‘डाउनलोड्स’मध्ये येतात. आयफोन आणि विंडोज अशी जोडी असेल तर एअरड्रॉप चालत नाही आणि लोकलसेंड वापरावे लागते. तेव्हा आयफोन पहिल्याच वेळी ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागतो. ती नाकारली गेली असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली जाऊन ती पुन्हा देता येते.

आयफोनचे फोटो २०१७ पासून ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवले जातात आणि अनेक विंडोज लॅपटॉपांवर ते उघडत नाहीत. फाइल बिघडली असे समजून ती पुसू नये. पुढचे फोटो सर्वत्र उघडावेत असे वाटत असेल तर आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’ आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे.

संपूर्ण फोल्डर हलवायचा असेल तेव्हा

फोनचाच एक छोटा सर्व्हर करणे आणि लॅपटॉपवरून त्यातल्या फायली ओढून घेणे, ही पद्धत जुनी आहे पण मोठ्या साठ्यासाठी मला ती सर्वांत भरवशाची वाटते. त्यासाठी फोनवर एफटीपी (नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याची जुनी पद्धत) सर्व्हरची सोय असलेला फाइल मॅनेजर लागतो. ‘मटेरियल फाइल्स’ हे खुल्या स्रोताचे मोफत ॲप त्यासाठी चांगले आहे. त्याच्या मेनूमधून ‘एफटीपी सर्व्हर’ उघडून तो सुरू केला की पडद्यावर एक पत्ता येतो. त्यात १९२.१६८.१.७ यांसारखे चार आकडे आणि त्यापुढे कोलननंतर पोर्टचा आकडा असतो. तेथेच वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड ठेवण्याची सोय आहे. निनावी प्रवेश बंद करून पासवर्ड जरूर ठेवावा.

हा पत्ता क्रोममध्ये टाकून उपयोग होत नाही, कारण क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीची सोय काढून टाकली. विंडोजच्या ‘फाइल एक्सप्लोरर’मध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीत तो जसाच्या तसा टाकून एंटर दाबले तर फोनमधले फोल्डर दिसू लागतात आणि ते साध्या कॉपी-पेस्टने घेता येतात.

तरीही मोठ्या कामासाठी मी लॅपटॉपवर ‘फाइलझिला’ हे एफटीपीचे सॉफ्टवेअर वापरतो. वरच्या पट्टीत पत्ता, नाव, पासवर्ड आणि पोर्ट भरून जोडले की डाव्या बाजूला लॅपटॉप आणि उजव्या बाजूला फोन दिसतो. उजवीकडचा फोल्डर डावीकडे ओढला की काम सुरू होते. त्याच्या तळाशी तीन याद्या असतात: रांगेत असलेल्या फायली, फसलेल्या फायली आणि पोहोचलेल्या फायली. त्या रात्री माझ्याकडे ही मधली यादी असती तर कोणत्या ओव्या राहिल्या हे सकाळी चहाच्या आधीच कळले असते. फसलेल्या फायली त्या यादीतून पुन्हा रांगेत लावता येतात, हा याचा मोठा गुण. शिवाय ‘ट्रान्सफर’ या मेनूमध्ये फायलींची मूळ तारीख जपण्याचा पर्याय आहे, तो आधीच निवडून ठेवावा. नाहीतर सर्व फायलींवर कॉपी केल्याची तारीख पडते. फोटोंमध्ये निदान कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख आत शिल्लक असते, आवाजाच्या मुद्रणांत ती बऱ्याचदा नसते आणि मग कोणती ओवी कोणत्या उन्हाळ्यातली हे सांगता येत नाही.

मराठी नावे दिलेल्या फायलींविषयी एक सूचना. ‘आत्या_पहिली ओवी’ असे देवनागरी नाव काही जुन्या सॉफ्टवेअरांमधून जाताना प्रश्नचिन्हांच्या माळेत बदलते. फाइल आतून ठीक असते, पण नाव गेलेले असते. सुरुवातीला एकच फाइल पाठवून नाव नीट उमटते का ते पाहावे.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. साध्या एफटीपीमध्ये पासवर्ड आणि फायली दोन्ही उघड्या स्वरूपात जातात. म्हणून ती फक्त स्वतःच्या घरच्या वायफायवर वापरावी आणि काम संपताच फोनवरचा सर्व्हर बंद करावा.

ब्लूटूथ, व्हॉट्सॲप आणि ड्राइव्ह यांचे स्थान

ब्लूटूथ संथ असले तरी दोन-चार कागदपत्रांसाठी चालते. विंडोजवर मात्र आधी ब्लूटूथच्या सेटिंगमधून ‘रिसीव्ह फाइल्स’ची खिडकी उघडी ठेवावी लागते आणि मगच फोनवरून पाठवावे लागते. हा क्रम उलटा झाला की फाइल नाकारली जाते.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवून ते लॅपटॉपवर उतरवणे ही सर्वांत रुळलेली वाट आहे आणि जपून ठेवण्याच्या फोटोंसाठी तीच सर्वांत वाईट आहे. फोटो म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सॲप लहान करते आणि तिच्यातली तारखेची व ठिकाणाची माहितीही निघून जाते. नाइलाज असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. तेव्हा तो मूळ स्वरूपात जातो. गुगल खात्यात १५ गिगाबाइट जागा मोफत मिळते, पण ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असते, हे ड्राइव्हवर मोठा साठा चढवण्याआधी ध्यानात घ्यावे.

शेअरइट आणि झेंडर ही एके काळी घरोघरी असलेली ॲप केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲपांच्या यादीत होती. त्यांच्या फायली अजूनही कोणीतरी पाठवते आणि लोक त्या बसवतात. कोठून आली हे माहीत नसलेली ॲपची फाइल फोनवर बसवणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणे आहे. आता तिची गरजही उरलेली नाही.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात आधार कार्डाची प्रत काढायची असेल तर तेथे व्हॉट्सॲपवर फाइल पाठवावी लागतेच. शक्य असेल तेथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क केलेले आधार द्यावे, आणि प्रत हातात आल्यावर दुकानदाराला समोरच फाइल पुसायला सांगावे. त्यांच्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप किंवा ईमेल कधीही उघडू नये. उघडावे लागलेच, तर निघण्याआधी आपल्या फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ती जोडणी तोडावी.

राउटर नसेल तर

गावी राउटर नसतो, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट कामाला येतो. फोनवर हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला की दोघांचे एक छोटे नेटवर्क तयार होते आणि लोकलसेंड किंवा एफटीपी त्यावर चालते. फाइल पाठवण्यात मोबाइलचा डेटा जात नाही. मात्र लॅपटॉपला इंटरनेट मिळाले असे वाटून विंडोज त्याच वेळी स्वतःचे अपडेट उतरवायला घेते आणि दिवसाचा डेटा तासाभरात संपवते. म्हणून फोनवरचा मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवावा. बहुतेक फोनांवर त्यानंतरही हॉटस्पॉट चालू राहतो.

उपकरण दिसतच नसेल तर

सर्वांत आधी दोन्ही उपकरणांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर त्यांना मिळालेले चार आकड्यांचे पत्ते, पाहावेत. फोनवर तो वायफायच्या तपशिलात असतो, लॅपटॉपवर वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली मिळतो. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे दोन्हींकडे सारखे असायला हवेत. फोनवर १९२.१६८.१.१२ आणि लॅपटॉपवर १९२.१६८.०.५ असे दिसले, तर दोघे दोन वेगळ्या नेटवर्कांत आहेत. घरात राउटरला दुसरा राउटर जोडलेला असेल तर हे हमखास होते.

आकडे जुळत असतील तर ‘प्रायव्हेट’चे सेटिंग, फायरवॉलची परवानगी आणि व्हीपीएन या क्रमाने पाहावे. लोकलसेंडमध्ये समोरच्याचा आयपी पत्ता हाताने टाकून पाठवण्याचीही सोय आहे आणि अनेकदा तिनेच गाडी पुढे सरकते. वसतिगृहातल्या किंवा कार्यालयातल्या वायफायवर उपकरणे एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. तेथे खटपट करत बसू नये, सरळ हॉटस्पॉट वापरावा.

मोजणी, आणि मगच पुसणे

फायली आल्यावर लॅपटॉपवर त्या फोल्डरावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे फायलींची संख्या दिसते. ती कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. आकाराची तुलना करताना मात्र गोंधळ होतो, कारण अनेक फोन १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. फोनवर १० गिगाबाइट दिसणारा फोल्डर विंडोजवर ९.३१ गिगाबाइट दिसतो आणि त्यात काहीही हरवलेले नसते. तुलना करायचीच असेल तर कंसात दिलेल्या पूर्ण बाइटच्या आकड्यांची करावी.

संख्या जुळली तरी अर्धवट फाइल मोजणीत एक म्हणूनच धरली जाते. म्हणून पहिली, शेवटची आणि आकाराने सर्वांत मोठी अशा तीन फायली उघडून पाहाव्यात. व्हिडिओ आणि आवाजाच्या फायली शेवटच्या अर्ध्या मिनिटावर नेऊन वाजवाव्यात, कारण तुटलेली फाइल सुरुवातीला अगदी नीट वाजते. मी पहिल्या दोन-तीन ओव्याच वाजवल्या होत्या.

त्यानंतर तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवरही ठेवावा आणि फोनमधले मूळ किमान दोन आठवडे राहू द्यावे. पुसताना गुगल फोटोजविषयी सावध राहावे. बॅकअप चालू असताना त्या ॲपमधून ‘डिलीट’ केलेला फोटो गुगलच्या साठ्यातूनही जातो. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरावे. चुकून पुसलेले फोटो बॅकअप घेतलेले असतील तर ६० दिवस आणि नसतील तर ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतात.

प्रत्येक फोल्डरच्या नावाच्या शेवटी मी आता फायलींची संख्या लिहितो, आणि ती फायली फोनवर असतानाच लिहितो. ‘यात्रा_चैत्र_२१८’ असे नाव असले की तो फोल्डर पुढे कोणत्याही डिस्कवर गेला तरी किती असायला हवे ते तोच सांगतो. ओव्यांच्या फोल्डरचे नाव मी ‘आत्या_६३’ असेच ठेवले आहे, आणि त्यात ५४ फायली आहेत.